चाळिशी, चष्मा आणि काँटॅक्ट लेन्स
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. तरीही आज डोळ्यांवर बोलायला उभा राहिलो आहे, कारण पालक सभेत मला अभ्यासाइतकेच चष्म्याविषयी विचारले जाते. नववीतल्या मुलीची अम्मी हळूच बाजूला घेऊन विचारते, "सर, हिचा चष्मा सुटेल का? लेन्स बसवून द्यावी म्हणते." शिलाईकाम करणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न असतो की सुईत दोरा ओवायला एक चष्मा आणि रस्त्यावर बघायला दुसरा, हे दोन-दोन कुठवर सांभाळायचे? आणि कॉलेजात गेलेले आपले माजी विद्यार्थी तर काही न विचारताच लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानातून निळ्या-हिरव्या लेन्स आणून डोळ्यांत घालतात. या तिघांनाही उत्तर हवे. मी स्वतः लेन्स वापरतो. नेत्रतज्ज्ञांकडून जे ऐकले, जे वाचले आणि जे अंगावर घेतले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम दूरचे आणि जवळचे दिसणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या नगरच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. आपण सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. गावातल्या एखाद्या गच्चीवरून ती तीन मजली इमारत रेखीव दिसली तर तुमची दूरची नजर बरी. ती नुसता धुरकट ठिपका वाटली आणि शेजारच्याला मात्र मजले मोजता येत असले, तर तुम्हाला वजा नंबर असण्याचा संभव आहे. जवळच्या नजरेची परीक्षा घरातल्या घरात होते. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचताना पाकीट हातभर लांब धरावे लागू लागले की ओळखावे.

या दुसऱ्या त्रासाला आपल्या भाषेने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. 'चाळिशी लागली' असे आपण म्हणतो; वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी. डोळ्यात बाहुलीमागे एक नैसर्गिक भिंग असते. जवळचे पाहताना एक स्नायू आवळतो आणि हे भिंग फुगते. दहा वर्षांच्या मुलाचे भिंग इतके लवचीक असते की नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षरही त्याला स्पष्ट दिसते. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. चाळिशीत हेच अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जाते आणि पुढे वाढतच राहते. हा आजार नव्हे, केस पिकण्यासारखीच गोष्ट आहे. फरक एवढाच की पिकलेल्या केसांनी कोणाची रोजी बुडत नाही.

रोजीची गोष्ट मी मुद्दाम काढली. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, काहींना अभ्यास संपल्यावर. ज्यांना चष्मा आधी मिळाला त्यांचे पाने खुडण्याचे काम दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. साध्या वाचनाच्या चष्म्याने! आपल्या जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत, पण संगमनेर आणि नगरमध्ये विड्या वळणाऱ्या बाया आहेत, घराघरात शिलाई मशिनी आहेत, घड्याळ आणि मोबाइल दुरुस्त करणारी पोरे आहेत. ही सगळी हातभर अंतरावरची कामे. २०१५ सालच्या एका अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १८० कोटी लोकांना चाळिशी लागलेली होती, आणि त्यांपैकी ८२ कोटींहून अधिक लोकांकडे पुरेसा चष्मा नव्हता. म्हणून लेन्सविषयी बोलण्याआधी मी हे सांगेन की ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आधी चष्मा घ्यावा. लेन्स ही त्यानंतरची पायरी आहे.

आता लेन्सकडे येतो. विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला इतिहासाची थोडी गोडी लावल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोमध्ये 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे जुने मत त्याने खोडून काढले. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्याने प्रयोगांनी मांडले. या ग्रंथाचे पुढे लॅटिनमध्ये भाषांतर झाले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत वाचनाचे चष्मे तयार होऊ लागले. ते पहिले चष्मे चाळिशीचेच होते, हे लक्षात घ्या. लघुदृष्टीचे चष्मे नंतर आले.

भिंग थेट डोळ्यावर बसवण्याचे काम फिक नावाच्या जर्मन डॉक्टराने १८८७-८८ च्या सुमारास झुरिकमध्ये केले. ती लेन्स काचेची आणि मोठी होती, काही तासांपलीकडे सहन होत नसे. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकची, फक्त बुबुळापुरती छोटी लेन्स निघाली. पण मऊ लेन्सची कथा मला सर्वांत आवडते. चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टर्ले नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पाणी शोषून मऊ होणारे प्लॅस्टिक त्यांनी सहकाऱ्याबरोबर तयार केले होते, पण लेन्सच्या कामाला सरकारी पाठबळ उरले नव्हते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलाच्या खेळण्यातला लोखंडी पट्ट्यांचा संच आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनवले. फिरत्या साच्यात थेंब टाकून त्यावर पहिल्या मऊ लेन्स काढल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत मऊ लेन्सला विक्रीची परवानगी मिळाली. आमच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी मांडणाऱ्यांनी हा डायनॅमो आठवावा.

आता मुख्य प्रश्न. चष्मा सोडून लेन्सवर जायचे तर दूरचे आणि जवळचे दोन्ही कसे साधणार?

वीस-पंचवीस वर्षांच्या, फक्त वजा नंबर असलेल्या मुलाचे उत्तर सोपे आहे. दूरच्या नंबराची लेन्स घातली की जवळचे काम त्याचे स्वतःचे भिंग करते. घोटाळा होतो तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि तिथेच मी उभा आहे. माझे वय अडतीस, चष्म्याचा नंबर वजा सहा. दोन वर्षांपूर्वी लेन्स घेतल्या. दूरचे इतके छान दिसू लागले की माळीवाड्याच्या स्टँडवर एसटीची पाटी लांबून वाचता येऊ लागली. पण रात्री वह्या तपासायला बसलो की ओळी एकमेकींत मिसळू लागत. चष्म्याने वाचताना असे होत नव्हते. लेन्स खराब निघाली असे नव्हे. कारण ऑप्टोमेट्रिस्टने समजावून सांगितले, आणि ते कळण्यासारखे आहे.

चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर पुढे असतो, लेन्स थेट डोळ्यावर. या अंतरामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, नंबर बदलतो. चष्म्याचा वजा सहा लेन्समध्ये साधारण वजा साडेपाच होतो. म्हणून चष्म्याचा कागद दाखवून तोच नंबर लेन्ससाठी मागू नये. नंबर चारच्या पुढे असला की हा फरक हमखास हिशेबात धरावा लागतो. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. वजा नंबराच्या चष्म्यातून जवळचे पाहताना डोळ्याला थोडी सवलत मिळते, त्याला कमी जोर लावावा लागतो. लेन्समध्ये ही सवलत जाते. माझ्यासारख्या नंबराला वाचताना अर्ध्या नंबराच्या आसपास जास्त जोर पडतो. पंचविशीत तो जाणवत नाही. चाळिशीजवळ मात्र जाणवतो, आणि चाळिशी लवकर लागल्यासारखी वाटते. शिवाय वजा नंबरवाल्यांची एक जुनी युक्ती असते. बारीक अक्षर आले की चष्मा कपाळावर सारायचा आणि पुस्तक जवळ धरायचे. लेन्स कपाळावर सारता येत नाही! अधिक नंबरवाल्यांचे याच्या उलट असते. त्यांना लेन्सने जवळचे काम थोडे सोपे जाते.

तेव्हा चाळिशीत लेन्स घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पहिली वाट स्वस्त आणि निर्धोक: दोन्ही डोळ्यांत दूरची लेन्स, आणि वाचताना तिच्यावर जवळचा साधा चष्मा. चष्मा पूर्ण सुटत नाही, पण दिवसभर नाकावर राहत नाही. मी सध्या हेच करतो.

दुसरी वाट ऐकायला विचित्र वाटते. एका डोळ्यात दूरची लेन्स आणि दुसऱ्यात जवळची. मेंदू लागेल त्या डोळ्याचे चित्र निवडतो. कोणता डोळा दूरसाठी ठेवायचा हे ठरवायला दोन्ही हातांच्या पंजांत लहानसे भोक करून त्यातून लांबची वस्तू पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागच्या जागी राहते तो आपला मुख्य डोळा. बहुधा तोच दूरसाठी ठेवतात. पुष्कळांना दोन-तीन आठवड्यांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. यात अंतराचा नेमका अंदाज थोडा कमी होतो. जिन्याची पायरी, ओव्हरटेक करणारी मोटार, सुईचे नेढे अशा ठिकाणी ते जाणवते. ज्यांचे पोट ट्रक किंवा रिक्षा चालवण्यावर आहे त्यांना ही वाट मी सुचवणार नाही, निदान रात्रीच्या फेऱ्यांसाठी तरी नाही.

तिसरी वाट बहुकेंद्री लेन्सची. हिच्यात मध्यापासून कडेकडे दूरच्या आणि जवळच्या नंबरांची वर्तुळे असतात. चष्म्यातल्या बायफोकलप्रमाणे मान खाली-वर करावी लागत नाही, दोन्ही चित्रे एकाच वेळी डोळ्यात शिरतात आणि मेंदू हवे ते घेतो. मात्र अंधुक उजेडात अक्षर थोडे फिके दिसते, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडे दिसू शकते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून मोटारसायकल काढणाऱ्याने याचा विचार करावा. ही लेन्स महागही असते. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट आधी चाचणीची जोडी घालून तुम्हाला रस्त्यावर फिरून यायला सांगतो, वर्तमानपत्र वाचायला देतो. असे न करता डबी हातात देणाऱ्याकडून लेन्स घेऊ नये. तिन्ही वाटांत विशीतली नजर परत येत नाही, काहीतरी द्यावे लागते. त्याबदली काय मिळते हे तुमच्या कामावरून ठरवा. वर्गात फळा आणि वही आलटून पालटून पाहणाऱ्याला जे जमेल ते दिवसभर हातशिलाई करणाऱ्याला जमेलच असे नाही.

आता ज्यासाठी मी आज खरोखर उभा राहिलो त्याकडे येतो. ते म्हणजे पाणी.

नळाच्या, बोअरच्या, टाकीच्या, हौदाच्या, विहिरीच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. पिण्यात गेला तर तो सहसा काही करत नाही. पण लेन्सखाली अडकला तर बुबुळाचा पारदर्शक पडदा पोखरतो. भयंकर वेदना होतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि डोळ्यात फूल पडून नजर जाऊ शकते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे रुग्ण एकाएकी वाढले. शोध घेतला तेव्हा पुष्कळ जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचे पाणी करत होते असे आढळले. काटकसर म्हणून केलेले काम डोळ्यावर आले.

आपल्या घरांत दिवसातून पाच वेळा वजू होते, म्हणून हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जवळचा आहे. चेहरा धुताना पापण्या मिटलेल्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही. धोका ओल्या हातांचा आहे. वजू करून ओल्या बोटांनी डोळा चोळणे, लेन्स सरकली म्हणून त्याच बोटांनी नीट करणे, हे टाळावे. लेन्सला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावेत. लेन्स खाली पडली तर नळाखाली धुऊ नये, तोंडात घालून तर मुळीच ओली करू नये. फक्त लेन्सचे सोल्यूशन वापरावे. विहिरीत पोहायला जाणाऱ्या मुलांनी आणि डोक्यावरून अंघोळ करणाऱ्यांनी लेन्स आधी काढून ठेवाव्यात.

लेन्सच्या डबीतले सोल्यूशन रोज फेकून नवे भरायचे. कालच्यावर आजचे ओतून भर घालायची नाही. डबी दर तीन महिन्यांनी बदलायची. लेन्स घालून झोपायचे नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही, कारण मिटलेल्या डोळ्यात बुबुळाला हवा कमी मिळते आणि जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. महिन्याची लेन्स महिन्याने टाकायची. 'अजून चांगली दिसते' म्हणून दोन महिने चालवायची नाही. सुरम्याची पूड लेन्सच्या डोळ्यात घालू नये. काजळ घालायचेच असेल तर लेन्स आधी, काजळ नंतर, आणि तेही पापणीच्या आतल्या कडेला नाही. कांदा चिरताना लेन्सवाल्यांच्या डोळ्यांत पाणी कमी येते, हा एक फुकटचा फायदा आमच्या घरात मान्य झालेला आहे.

आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला, तर लेन्स ताबडतोब काढा. मेडिकलच्या दुकानातून 'लालीवरचे ड्रॉप्स' आणू नका. त्यांत स्टेरॉइड असले तर लाली जाते, पण आतला जंतू वाढत राहतो. नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना लेन्स व डबी बरोबर न्या. तिच्यातल्या पाण्याची तपासणी करता येते.

लग्नातल्या रंगीत लेन्सचे येथेच सांगून टाकतो. नंबर नसला तरी ती लेन्सच आहे. डोळ्याच्या गोलाईचे माप न घेता घातलेली, दोन मैत्रिणींनी अदलाबदल करून वापरलेली लेन्स एका रात्रीत जखम करू शकते. फोटोत डोळे हिरवे दिसतात हे मान्य. त्या फोटोसाठी डोळा पणाला लावू नये, एवढे मी वडीलकीने नव्हे तर तुमच्यातला एक लेन्सवाला म्हणून सांगतो.

पालकांनो, मुलींच्या चष्म्याविषयी एक कटू गोष्ट बोलावी लागते. स्थळ येणार म्हटले की चष्मा कपाटात जातो. काही घरांत तर दहावीपासूनच मुलीला चष्मा लावू देत नाहीत, 'नंबर वाढेल' म्हणून. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. न लावल्याने फळ्यावरचे दिसत नाही, गुण मात्र कमी होतात, आणि मग आम्ही शिक्षक म्हणतो की हिचे लक्ष नाही. लेन्स लपवालपवीसाठी घेतली तर आणखी धोका असतो. पाहुणे उठेपर्यंत, मग रात्र होईपर्यंत, मग सासरी कोणाला कळू नये म्हणून झोपेतही ती डोळ्यात राहते. स्वच्छ आरसा, कोरडे हात आणि निवांत दहा मिनिटे ज्या घरात मुलीला उघडपणे मिळत नाहीत, त्या घरात लेन्स देऊ नये. नंबराचे पाहुण्यांना आधी सांगून टाकावे.

वयाचा प्रश्न नेहमी येतो. अमुक वयाच्या आत लेन्स नको असा पक्का नियम नाही. जबाबदारी पाहावी. जी मुलगी स्वतःचा डबा स्वतः धुते, जो मुलगा वेळेवर नखे कापतो, त्यांना जमेल. पोलीस, सैन्य, रेल्वेच्या भरतीला जाणाऱ्या मुलांनी जाहिरातीतली दृष्टीची अट शब्दन्‌शब्द वाचावी. लेन्स घालून वैद्यकीय तपासणीत गेलात तर डॉक्टरांना ती दिसते.

काहींसाठी लेन्स ही हौस नसते, उपचार असतो. सतत डोळे चोळणाऱ्या काही मुलांचे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो आणि तरी स्पष्ट दिसत नाही. अशांना कठीण लेन्सने पुष्कळदा छान दिसते. तेव्हा मुलाचा नंबर वारंवार बदलत असेल तर चष्म्याच्या दुकानावर न थांबता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे डोळे कोरडे पडतात, जे वेल्डिंग करतात किंवा दिवसभर धुळीत आणि चुलीच्या धुरात असतात, त्यांनीही आधी विचारावे. मोटारसायकलवर लेन्सवाल्याने पुढची काच असलेले हेल्मेट किंवा साधा गॉगल घालावा, कारण लेन्सखाली गेलेला कण रस्त्याच्या कडेला काढता येत नाही.

खर्चाचे गणित घरी बसून करा. फक्त लेन्सची किंमत धरू नका. सोल्यूशन, डबी, वर्षातून एकदा तपासणी आणि हाताशी लागणारा एक चांगला चष्मा हे सगळे धरा. होय, चष्मा लागतोच. डोळा लाल झाला त्या दिवशी, तापात, प्रवासात, रात्री उठल्यावर. शाळेतल्या मुलांसाठी १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मे मिळतात. आरोग्य पथक तपासणीला येते त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. मोठ्यांनी जिल्हा रुग्णालयात, नगरच्या आनंदऋषीजी हॉस्पिटलमध्ये किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात नेत्रविभाग आहे तिथे दाखवावे. पुण्याला जाणे सोयीचे असेल तर हडपसरकडचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

जाताना जुना चष्मा आणि असेल तो कागद घेऊन जा. डोळे तपासणाऱ्याला आपण काय काम करतो, किती अंतरावर करतो, दिवसा की रात्री, हे न विचारता सांगा. शिलाई करणाऱ्या भगिनींनी सुई-दोरा आणि कापडाचा तुकडा बरोबर न्यावा. चाचणीची लेन्स डोळ्यात घातल्यावर तिथेच दोरा ओवून पाहावा.